होचु, नेचु

गेले दोन महिने मी नोवी सादला लेकीकडे आहे, हे बहुतेकांना माहीत आहेच. नोवी साद म्हणजे सर्बियात, डॅन्यूबच्या काठी. विहीणबाईंना इंग्रजी येत नाही आणि मला सर्बियन. लेक-जावई कामावर गेले की स्वयंपाकघरात आम्ही दोघी आणि लांब दांड्याची जेज्वा, म्हणजे कॉफीचं भांडं.

पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "होचेते काफु?" आठवड्याभरात त्याचं "होचेश काफु?" झालं. म्हणजे अहो-जाहोवरून अगं-तुगंवर आलो :)

मग मी वही काढली. क्रियापद 'ह्तेती', क्रोएशियात 'ह्त्येती'. अर्थ, हवं असणं. होचु, होचेश, होचे, होचेमो, होचेते, होचे. (च चहातला, चमच्यातला नव्हे.) यांच्या आजच्या भाषेत वर्तमानकाळात 'मी'चं रूप एरवी 'म'वर संपतं. 'उ'वर संपणारी दोनच उरली आहेत, होचु आणि मोगु. मला हवंय, आणि मी करू शकते. गंमत वाटली.

नकार आपल्या 'नको'सारखा एका शब्दात, नेचु. गाडी सुरू होत नसली तरी जावई म्हणतो "नेचे", जणू गाडीलाच नकोय. आणि 'होचेश-नेचेश' म्हणजे मनात असो वा नसो, करावंच लागतं ते.

याच होचुचं आखडून नुसतं 'चु' होतं आणि त्याचा भविष्यकाळ बनतो. सुत्रा चु दोची, उद्या येईन. हा चु वाक्याच्या सुरुवातीला कधी येत नाही, कोणाच्या तरी मागे उभा असतो. क्रोएशियात तो सुटा लिहितात, सर्बियात बहुतेक क्रियापदांना चिकटवूनच टाकतात.

आता मुद्द्याचं. मागच्या रविवारी जेवताना विहीणबाईंनी लेकीला काहीतरी विचारलं. ती म्हणाली, "ओस्ताचु." वही उघडावी लागली नाही. ओस्ताती म्हणजे राहणं. राहीन.

तीन वर्षं मी सगळ्यांना सांगत आले आहे की हिचं कॉन्ट्रॅक्ट संपलं की दोघं पुण्याला येणार. तिला इथे राहावं लागतंय, असंच मी धरून चालले होते. आणि त्या शब्दाच्या शेपटीला तर होचु चिकटलेलं!

जावई म्हणाला, त्या चुमध्ये आता 'हवंय' उरलेलं नाही, नुसता काळ उरलाय. असेल. म्हणून रात्री भांडी विसळताना मी तिला सरळ मराठीत विचारलं, "राहावं लागतंय, की राहायचंय?"

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "राहायचंय, आई."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू नेहमी 'कधी येणार' एवढंच विचारतेस."

खरं होतं. काय बोलणार? ताटं पुसून ठेवली आणि झोपायला गेले. झोप काही लागली नाही.

असो. सकाळी जेज्वा चढलेली होती. "होचेश काफु?" "होचु," म्हटलं. डोळे बघून त्यांनी काही न विचारता साखर जरा जास्तच घातली.

परतीचं तिकीट पुढच्या महिन्याचं आहे. निघताना म्हणायचं वाक्य पाठ करून ठेवलंय. दोची चु. येईन पुन्हा. माझ्या चुमध्ये मात्र होचु अजून शाबूत आहे.