डब्यात राहिलेल्या नऊ कॅप्सूल

आमच्या घरात श्रीखंडाचा एक रिकामा डबा होता. घरातली सगळी औषधे त्यात असायची. तापाच्या गोळ्या, खोकल्याची अर्धी बाटली, मलम आणि कुणाच्या तरी आजारपणातून शिल्लक राहिलेली पाकिटे. पैसे मोजून आणलेली गोळी फेकून देणे आमच्यासारख्या घरात जिवावर येते. "राहू दे, कधीतरी उपयोगी पडेल," असे म्हणून ती डब्यात जाते. मीही तेच करीत होते. या सवयीपायी २०१४ च्या पावसाळ्यात माझ्या घरचा माणूस जाता जाता वाचला. ती हकीकत माझ्या भगिनींना सांगावी म्हणून आज लिहायला बसले आहे.

आम्ही पिंपरीत राहतो. माझे सासरे हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये पॅकिंगला होते. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने १९५४ साली सरकारने उभी केलेली ही कंपनी. देशात मोठ्या प्रमाणावर पेनिसिलिन तयार होऊ लागले ते इथेच. म्हणजे आमच्या घरची चूल या औषधावरच पेटत होती. तरीही ते औषध कसे घ्यावे, हे घरात कुणालाच नीट ठाऊक नव्हते.

त्या वर्षी जून महिन्यात माझी दाढ सुजली. मुळाशी पू झाला होता. दाताच्या डॉक्टरांनी दाढ साफ केली, पाच दिवस दिवसातून तीन वेळा अशा पंधरा कॅप्सूल लिहून दिल्या आणि आठवड्याने परत बोलावले. दोन दिवसांत ठणका थांबला. मला वाटले, आता कशाला उगीच उष्ण औषध पोटात घालायचे? सहा कॅप्सूल खाल्ल्या, नऊ डब्यात टाकल्या. डॉक्टरांकडेही परत गेले नाही.

जुलै महिन्यात मुलांच्या बाबांना सर्दी झाली, घसा धरला, अंगात कणकण आली. त्यांची रात्रपाळी होती. खाडा केला तर पगार कापला जाणार. मी म्हणाले, "अहो, माझ्या दाढेच्या गोळ्या आहेत. पॉवरफुल आहेत. एक घ्या, सकाळपर्यंत बरं वाटेल." त्यांनी चहाबरोबर एक कॅप्सूल घेतली.

दहा-पंधरा मिनिटे झाली असतील. ते तळहात खाजवू लागले. मग मानेवर, पाठीवर गांधी उठल्या. ओठ सुजले. "अगं, श्वास घेता येईना," एवढेच कसेबसे म्हणाले आणि भिंतीला टेकून खाली बसले. शेजारच्या दादांनी रिक्षा आणली. दवाखान्यात नेताच त्यांच्या मांडीत इंजेक्शन दिले, ऑक्सिजन लावला. रात्रभर त्यांना नजरेखाली ठेवले. मी बाहेर बाकड्यावर बसून होते. हातात ते रिकामे झालेले पाकीट होते.

सकाळी डॉक्टरीणबाईंनी मला विचारले, "ही गोळी यांना कुणी लिहून दिली होती?" मी मान खाली घातली. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी समजावून सांगितले, की पाकिटावर नाव अमॉक्सिसिलिन असले तरी हे औषध पेनिसिलिनच्याच कुळातले. काही माणसांच्या शरीराला ते अजिबात चालत नाही. आणि सर्दी-घशाची बहुतेक दुखणी विषाणूंमुळे होतात. त्यांच्यावर अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नसतो. म्हणजे ज्या औषधाने त्यांचा जीव जायची वेळ आली, त्याची त्यांना बहुधा गरजच नव्हती.

हे ऐकताच सासूबाई रडू लागल्या. "लहानपणी याला गळू झालं होतं. तेव्हा सुई दिली आणि पोरगं असंच सुजलं होतं. कंपाउंडर म्हणाला, याला ही सुई मानवत नाही." सासरे चकित होऊन म्हणाले, "मला कधी सांगितलं नाहीस?" सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही पाळीवर होता. आल्यावर सांगितलं होतं की सुई मानवली नाही म्हणून. पण औषधाचं नाव मला कुणी सांगितलं?"

भगिनींनो, ते वाक्य मी अजून विसरले नाही. नाव कुणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. डॉक्टरांपुढे बसले की आपली जीभ टाळ्याला चिकटते. बाहेर रांग असते, ते घाईत असतात आणि आपल्याला वाटते, आपण अडाणी दिसू. पण औषध आपल्या पोटात जाणार असते. विचारण्यात कसली लाज?

आता मी दवाखान्यात गेले की आधी स्वतःहून सांगते, कुणाला कोणते औषध पूर्वी चालले नाही, आणखी कोणत्या गोळ्या चालू आहेत. बाई गरोदर असेल किंवा अंगावर पाजत असेल तर तेही सांगायला हवे. मग विचारते, हे औषध कशासाठी? किती दिवस? जेवणाआधी की नंतर? काय त्रास झाला तर परत यायचे? चिठ्ठी वाचता आली नाही तर औषध दुकानदाराकडून पाकिटावर लिहून घेते.

या विचारण्यातून मला बरेच कळले. दिवसातून तीन वेळा म्हणजे साधारण आठ-आठ तासांनी. रात्रपाळीच्या माणसाने आपल्या जागरणाप्रमाणे वेळा ठरवून घ्याव्यात. एखादी वेळ चुकली तर आठवताच गोळी घ्यावी. पुढची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्यावी. एकदम दोन घेऊ नयेत. डॉक्सिसायक्लिनची गोळी पेलाभर पाण्याबरोबर बसून घ्यावी आणि लगेच आडवे होऊ नये, नाही तर अन्ननलिकेत जखम होते. ही गोळी किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन दूध, लोहाच्या गोळ्या अथवा ॲसिडिटीच्या औषधाबरोबर घेतली तर अंगाला नीट लागत नाही. मेट्रोनिडाझोल चालू असताना दारूचा थेंबही नको. पोरांच्या औषधाची पूड असेल तर उकळून गार केलेले पाणी खुणेपर्यंतच घालावे, दर वेळी बाटली हलवावी, सोबतच्या मापानेच द्यावे, घरातल्या चमच्याने नाही. लेबलावर दिलेली मुदत संपली की उरलेले औषध टाकून द्यावे.

थोडी मळमळ किंवा पातळ शौच होऊ शकते, तेवढ्याने घाबरू नये. पण जुलाब फार झाले, रक्त पडले किंवा अंगावर पुरळ आले तर डॉक्टरांना दाखवावे. ओठ, चेहरा सुजला किंवा श्वास लागला तर पुढची गोळी न घेता तडक दवाखाना गाठावा. तिथे वाट पाहणे नाही.

राहिली माझी दाढ. महिन्याभरात ती पुन्हा सुजली, पहिल्यापेक्षा जास्त. ठणका थांबला म्हणजे दुखणे गेले असे नसते, हे तेव्हा कळले. अर्धवट औषधाने लेचेपेचे जंतू मरतात आणि चिवट तेवढे उरतात. तेच पुढे वाढतात, दुसऱ्यालाही लागतात आणि मग ते औषध त्यांच्यावर चालेनासे होते. ज्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ साली पेनिसिलिनचा शोध लावला, त्यांनीच १९४५ साली नोबेल पारितोषिकाच्या भाषणात या धोक्याचा इशारा दिला होता. औषध किती दिवस घ्यायचे हे दुखण्यावर ठरते. कुठे तीन दिवस पुरतात, कुठे सात लागतात. साध्या क्षयरोगालाही सहा महिने औषध चालते. कधी डॉक्टर स्वतः तपासून औषध लवकर बंदही करतात. पण तो निर्णय त्यांचा. बरे वाटू लागले म्हणून आपण ठरवायचे नाही.

२०१६ सालापासून सरकारने लोकांना या औषधांच्या पाकिटावरची लाल उभी रेघ ओळखायला सांगितले आहे. ती रेघ दिसली की समजावे, हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही. दुकानदाराला जुने पाकीट दाखवून दोन गोळ्या सुट्या मागणे, शेजारणीची गोळी आपण घेणे, हे आपल्या वस्त्यांत रोज चालते. मी कुणाला नावे ठेवीत नाही. एका दिवसाची मजुरी आणि डॉक्टरांची फी यांचा हिशेब मलाही करावा लागतो. पण त्या रात्रीचा दवाखान्याचा खर्च आणि त्यानंतर बुडालेले दिवस यांचा हिशेब केला, तर चिठ्ठीची फी स्वस्त पडली असती.

त्या उरलेल्या आठ कॅप्सूल मी त्याच आठवड्यात टाकून दिल्या. डब्यात आता तापाची गोळी, जुलाबाच्या पाण्याची पुडी आणि मलम आहे. झाकणाच्या आत एक कागद चिकटवला आहे. मोठ्या मुलीने ठळक अक्षरांत लिहिले आहे, "बाबांना पेनिसिलिन आणि अमॉक्सिसिलिन चालत नाही." तसलीच एक चिठ्ठी मुलांचे बाबा खिशातल्या पाकिटात ठेवतात. सासूबाईंना लिहिता-वाचता येत नाही, पण ही दोन नावे त्यांनी तोंडपाठ केली आहेत. पाहुण्यांनाही म्हणून दाखवतात.

आज संध्याकाळी आपल्या घरातला डबाही एकदा उघडून पाहा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, लहानपणी कुणाला कोणते औषध मानवले नव्हते का? आमच्या घरी हा प्रश्न एक रात्र उशिरा विचारला गेला.