वरणगांवचा मुक्काम

भुसावळ सोडून नागपूरच्या रस्त्यानें पूर्वेकडे निघालें म्हणजे दोहों बाजूंस काळ्या जमिनीची सपाटी लागते. मधून मधून केळीच्या बागांचे हिरवे पट्टे येतात, आणि डाव्या हातास, दिसत नसली तरी, तापी आपल्याबरोबर चालत असते. अशा ह्या वाटेवर वरणगांव आहे. गांवाचें नांव ऐकतांच पुणेरी मनुष्यास साजूक तुपाची धार घातलेल्या वरण-भाताची आठवण व्हावयाची. नांवाची व्युत्पत्ति कांहींहि असो, येथें पाहुण्यांच्या पानावर वरण आलें तें बट्टीबरोबर आलें, आणि तूप वाढतांना चमचा मोजण्याची पुणेरी संवय ह्या प्रांतांत दिसली नाहीं!

प्रवाशानें मुद्दाम पाहावयास जावें असें गांवाजवळ म्हटलें तर हतनूरचें धरण. तापीवर बांधलेल्या ह्या धरणास ४१ दरवाजे आहेत, आणि पावसाळ्यांत ते सर्व उघडले म्हणजे खालचें सारें खोरें सावध होतें. गांवाची दुसरी ओळख म्हणजे १९६४ सालीं येथें उभा राहिलेला काडतुसांचा सरकारी कारखाना. २०२१ च्या ऑक्टोबरपासून तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेड ह्या सरकारी कंपनीच्या ताब्यांत आहे. परक्यानें तो आंतून पाहण्याचा प्रश्नच नव्हता. परंतु काडतुसाचें कवच ज्या पितळेचें होतें, तेंच तांब्या-जस्ताचें पितळ आमच्या यजमानांच्या स्वयंपाकघरांत फळीवर ओळीनें मांडलेलें होतें, हें मात्र आम्हीं मनांत टिपून ठेवलें. ह्या मुक्कामांत आम्हांस जें कांहीं शिकावयास मिळालें त्याचा संबंध त्या फळीशींच होता.

घर एकत्र कुटुंबाचें, माणसें पंधरा-सोळा. त्यांत अकरावींतला एक नातू माडीवर टेबल मांडून बसलेला. त्याच्या पुढ्यांत विजेच्या मंडलांच्या हिरव्या पाट्या, तारांचे तुकडे, डाखाच्या तारेचें रीळ आणि सोल्डरिंगचें आयर्न. टेबलाच्या कडेस आजोबांचा जुना व्हाल्व्हचा रेडिओ झाकून ठेवलेला होता. आजोबा जाऊन दोन वर्षें झालीं होतीं, आणि तो रेडिओ पुन्हां बोलता करावा ही ह्या मुलाची इच्छा. पण आधीं हात बसावा म्हणून घेतलेल्या लहान पाट्यांपैकीं तीन त्यानें बिघडविल्या होत्या. डाख धरत नव्हता, आणि पाटीवरचा तांब्याचा पापुद्राच उखडून वर येत होता. घरांत निकाल लागून गेला होता. मोठे काका म्हणाले, "त्याचा हात स्थिर नाहीं. रेडिओस हात लावूं देणार नाहीं मी. वडिलांची वस्तु आहे ती." मुलगा कांहीं बोलला नाहीं, पण त्याच्या चेहऱ्यावरून हा निकाल त्यालाहि पटत चालला असावा असें दिसलें.

आम्हीं त्याच्या आयर्नचें टोक पाहिलें. दुकानदार त्यास 'बिट' म्हणतात. तें सुईसारखें अणकुचीदार होतें आणि काळेंठिक्कर पडलेलें होतें. बारीक कामास बारीक टोक, हा तर्क कोणासहि सुचणाराच आहे. पण येथें तो चुकतो. उष्णता अणींतून उडी मारून जात नाहीं. धातूस धातु जेवढ्या रुंदीनें टेकेल, तेवढ्या रुंदींतूनच ती वाहते. कथील ६३ भाग व शिसें ३७ भाग असा नेहमींचा डाख १८३ अंशांवर वितळतो. टोक साडेतीनशें अंशांपर्यंत तापलेलें असलें तरी सुईच्या अग्रानें जोडास तेवढी ऊब वेळेवर पोंचत नाहीं. मग मनुष्य टोक जास्त वेळ धरतो, दाबतो, घासतो. डाख तर वाहत नाहींच, उलट पाटीचा गोंद जळून तांब्याचा पापुद्रा सुटतो. ह्याच कामास दोन-अडीच मिलिमीटर रुंदीचें, छिनीसारखें चपटें टोक घेतलें, तर तार आणि पापुद्रा दोन्ही एकदम तापतात, व दोन-तीन सेकंदांत जोड चकाकत बसतो. सुईचें टोक फार थोड्या कामांस लागतें. तरीहि पुष्कळदां आयर्नबरोबर तेंच येतें, हें आमच्या मतें नवशिक्यांचें दुर्दैव होय.

पण काळेपणाचें काय? त्याचा उलगडा आम्हीं केला नाहीं, आजींनीं केला. त्या वर आल्या होत्या मुलास जेवावयास बोलावण्यासाठीं. चष्मा सारखा करून त्यांनीं तें टोक पाहिलें आणि म्हणाल्या, "अरे बाळ, ह्याची कल्हई गेली आहे. काळ्या पातेल्याला कथील धरतें का कधीं?"

ह्यापेक्षां नेमकें कोणा इंजिनियरासहि सांगतां आलें नसतें. कल्हईवाला भांडें तापवितो, नवसागर टाकून त्यावरचा गंज उडवितो, आणि उजळ झालेल्या अंगावर कथील फिरवितो. गंजावर तें बसत नाहीं. आयर्नच्या टोकाचेंहि तसेंच आहे. नवसागराचें काम येथें डाखाच्या तारेंत भरलेली राळ करते, आणि टोकावर डाखाचा पातळ थर नसला तर उष्णता पलीकडे जात नाहीं.

मात्र एका बाबतींत दोहोंचा व्यवहार अगदीं उलटा आहे. भांड्यांत कथील तांब्यास चिंचेच्या आंबटापासून वांचवितें. टोकावर वितळलेलें कथीलच तांब्यास खातें. साधें तांब्याचें टोक म्हणून खळगे पडून झिजत जातें, आणि तें पुन्हां पुन्हां कानशीनें घासून आकारास आणावें लागतें. पुढें तांब्यावर लोखंडाचा लेप देण्याची युक्ति निघाली. लोखंड कथिलांत फार सावकाश विरघळतें. पण हा लेप पातळ असतो; जुन्या संवयीनें त्यावर कानस चालविली कीं टोक संपलेंच. घेतांना जवळ लहान लोहचुंबक असावा. टोकाकडे तो मुळींच ओढला गेला नाहीं तर लोखंडी लेप नाहीं असें समजावें. शिवाय टोक आयर्नच्या नळींत घट्ट बसतें कीं नाहीं हेंहि पाहावें. मधली हवेची फट उष्णता अडविते.

वीजदाबाची गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे. साध्या आयर्नची शक्ति दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत बदलते. २३० व्होल्टांवर २५ वॅटचें असलेलें आयर्न दाब १८० वर उतरला तर १५ वॅटांच्या आसपास येतें. मग कोणतेंहि टोक असलें तरी जोड मलूल आणि भुरकट होतो. ऐन वैशाखांत खानदेशांत पारा पंचेचाळिसाच्या वर जातो. त्याचा ह्या कामीं उपयोग शून्य, उलट डोक्यावरचा पंखा टोक थंड करीत असतो! तपमान स्वतः राखणारीं यंत्रें ह्या अडचणींतून पुष्कळसें सोडवितात. वेलर कंपनीच्या एका जुन्या पद्धतींत तर तपमान टोकच ठरवितें: टोकाच्या मागील तुकड्याचें चुंबकत्व ठराविक उष्णतेस नाहींसें होतें आणि वीज तुटते. टोकावर ७ चा आंकडा म्हणजे ७०० अंश फॅरनहाइट, सुमारें ३७० सेल्सिअस. आम्हांस ही रचना फार आवडते.

दुसऱ्या दिवशीं मुलगा जळगांवास जाऊन गोलाणी मार्केटांतून दोन टोकें घेऊन आला. एक चपटें अडीच मिलिमीटरचें, आणि दुसरें एका जाड साठ वॅटच्या आयर्नसह, पांच मिलिमीटर रुंदीचें. हें दुसरें रेडिओसाठीं. व्हाल्व्हच्या रेडिओंत कित्येक तारा लोखंडी सांगाड्यालाच डाखलेल्या असतात, आणि तो सांगाडा सारी ऊब पिऊन टाकतो. तेथें बारीक टोकाचा निभाव लागत नाहीं. नव्या टोकावर प्रथम तापतांच डाख चढविला. पुसण्यास पितळी तारेचा चोथा ठेवला, आणि आयर्न बंद करण्यापूर्वीं टोकावर डाखाचा थेंब ठेवून द्यावयाचा असा नेम केला. शिशाशिवायचा डाखहि मिळतो. युरोपांत २००६ पासून बहुतेक यंत्रांस तोच सक्तीचा आहे. पण तो २१७ अंशांच्या पुढें वितळतो, आणि जुन्या रेडिओंतील जोड शिशाचेच असतात, म्हणून येथें शिशाचाच घेतला. धुरांत असते ती मुख्यतः राळ. शिसें बोटांस लागतें, तेव्हां हात साबणानें धुतल्याखेरीज पानावर बसावयाचें नाहीं, अशी आजींची आज्ञा झाली.

मग चवथी पाटी घेतली. तींत चोवीस जोड होते. काका मागें हात बांधून उभे राहिले. पापुद्रा एकहि उखडला नाहीं. शेवटचा जोड झाल्यावर काकांनीं पाटी उजेडांत धरून पाहिली, खालीं ठेवली, आणि रेडिओवरचें फडकें स्वतःच्या हातानें काढलें. "मागचें कव्हर काढण्याआधीं मला हांक मार. वीज तोडली तरी त्यांतल्या कंडेन्सरांत ती राहते," एवढेंच ते म्हणाले.

आम्ही निघालों तेव्हां सांगाड्याचे दोन सुटलेले जोड बसले होते. रेडिओ लावला कीं घरघर करतो, स्टेशन लागत नाहीं. एक कंडेन्सर बदलावयाचा आहे, आणि त्या दाबाचा अजून मिळालेला नाहीं.