पाचोडचा थांबा

छत्रपती संभाजीनगराहून बीडच्या रस्त्यास लागलें म्हणजे वाटेंत पैठण तालुक्यांतील पाचोड हें गांव लागतें. हा मोसंबीच्या बागांचा मुलूख. परंतु मीं तो प्रथम पाहिला तो इ. स. 2013 च्या उन्हाळ्यांत, मराठवाड्यांतील मोठ्या अवर्षणाच्या वर्षीं. जायकवाडीचें धरण याच तालुक्यांत; पण त्यांतील उपयुक्त साठा संपला होता, आणि वाळलेल्या मोसंबीचें सरपण बांधाबांधावर रचलेलें होतें.

माझें मनही ठिकाणावर नव्हतें. आदल्या वर्षीं घरांतील कर्ता मुलगा गेला आणि मुंजीपासून चालविलेली संध्या मीं सोडिली. देव्हाऱ्याकडे पाहतांच संताप येई, आणि त्या संतापाची पुन्हां लाज वाटे.

बस नादुरुस्त झाली, म्हणून एका वृद्ध बागाइतदाराच्या ओसरीवर बसावें लागलें. कोनाड्यांत विठोबाची तसबीर भिंतीकडे तोंड करून ठेविली होती.

"पाटील, हें काय?" मीं विचारलें.

"पाऊस पडंस्तोवर त्येचं तोंड बघायचं न्हाई, गुरुजी. लेकरावाणी वाढविली व्हती झाडं."

दिवेलागणीस सून दिवा घेऊन आली, तेव्हां तेच हळूच म्हणाले, "गुळाचा खडा ठिव म्होरं. आपल्यासंगं त्येला उपाशी कशाला?"

वनपर्वांत द्रौपदी विधात्यास दूषण देते आणि युधिष्ठिर त्यास नास्तिक्य म्हणतो. हा संवाद शिकवितांना मी नेहमीं धर्मराजाचीच बाजू घेत असें. पोरांना तेंच सोपें जातें, आणि मास्तरांनाही! इ. स. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळांत तुकोबांची प्रथम पत्नी व मुलगा गेलीं. विठोबाशीं त्यांनीं किती कडक भाषेंत भांडण मांडिलें, हें गाथेच्या वाचकांस सांगावयास नको. जनाबाईनें तर त्यास शिव्याच घातल्या. हें सारें मला ठाऊक होतें, पण त्या ठाऊक असण्याचा वर्षभर कांहीं उपयोग झाला नव्हता. त्या ओसरीवर मात्र वाटलें, आपण देवावर रागावलों इतकेंच नव्हे, त्यास उपाशीही ठेविलें.

घरीं परतल्यावर दुसऱ्या दिवशीं संध्येस बसलों. पळी हातीं घेतली, आणि 'केशवाय नमः' म्हणतांना आवाज एकदम चढला. माजघरांतून कुटुंबानें विचारलें, "अहो, कोणाशीं भांडतां आहां?"

मीं उत्तर दिलें नाहीं. पुढचें नांव घेतलें, तेंही तितक्याच मोठ्यानें.