रुग्णाची रूदाद कुणाच्या भाषेत?

वैद्यकीय संशोधन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मोठी प्रयोगशाळा, पांढरे कोट आणि महागडी यंत्रं येतात. पण वैद्यकातले कितीतरी शोध एका साध्या कागदापासून सुरू झाले आहेत. त्या कागदावर एका रुग्णाची हकीकत असते. वय काय, त्रास कधी सुरू झाला, रुग्ण काय म्हणाला, तपासणीत काय दिसलं, कोणतं औषध दिलं आणि पुढे काय झालं. डॉक्टर मंडळी याला ‘केस रिपोर्ट’ म्हणतात. एकाच आजाराच्या अनेक रुग्णांच्या हकिकती एकत्र मांडल्या की ती ‘केस सिरीज’ होते. उर्दूत एक शब्द आहे, ‘रूदाद’, म्हणजे घडलेल्या गोष्टीचा सविस्तर वृत्तांत. मी भाषेचा शिक्षक, त्यामुळे केस रिपोर्टसाठी मला हाच शब्द जवळचा वाटतो.

महाराष्ट्रातलं याचं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे डॉ. हिम्मतराव बावस्कर. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचा, गरिबीत शिकलेला हा माणूस १९७०च्या दशकात रायगड जिल्ह्यातल्या महाड तालुक्यात, बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून रुजू झाला. कोकणात लाल विंचू फार. पेंढा उचलताना, लाकडं काढताना, अंधारात चालताना माणसाला विंचू चावायचा आणि धडधाकट माणूस काही तासांत दगावायचा. नेमकं काय करायचं हे पुस्तकात नव्हतं. बावस्करांनी जे केलं ते वरवर पाहता साधं होतं. ते रुग्णाजवळ बसून राहिले आणि दिसेल ते लिहीत गेले. आधी उलटी होते, दरदरून घाम फुटतो, हातपाय गार पडतात. पुरुष रुग्ण सांगायला लाजतील असं एक लक्षणही त्यांनी नोंदवलं. मग रक्तदाब वाढतो, पुढे फुप्फुसात पाणी भरतं आणि माणूस श्वासासाठी तडफडतो.

या नोंदी १९८२ साली लंडनच्या ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात छापून आल्या. कोणती लक्षणं दिसली की हृदयाला धोका आहे हे समजावं, हा त्यांचा विषय होता. विंचवाच्या विषाने शरीरात अॅड्रेनालिनसारख्या रसायनांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदयावर असह्य ताण पडतो. मग आवळलेल्या वाहिन्या सैल करणारं औषध द्यावं, असा विचार पुढे आला. रक्तदाबासाठी वापरली जाणारी ‘प्रॅझोसिन’ ही स्वस्त गोळी त्यांनी वापरून पाहिली. १९८६ साली डॉ. हिम्मतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी तिचे निष्कर्ष पुन्हा ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. त्यांच्याच नोंदींनुसार, गंभीर दंशात शंभरातले तीस-चाळीस रुग्ण दगावत. हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण त्या कागदांवरचे खरे साक्षीदार ते शेतकरी आणि मजूर होते, ज्यांनी आपल्या शरीरात काय चाललंय ते धाप लागलेली असतानाही सांगितलं.

दुसरं उदाहरण मुंबईचं. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्येच एक छोटा लेख लिहिला. रेल्वे अपघातात जखमी झालेला एक माणूस आणि चाकूने भोसकला गेलेला दुसरा, या दोघांना रक्त हवं होतं. वरवर त्यांचा गट ‘ओ’ वाटायचा, पण ‘ओ’ गटाचं रक्तही जुळेना. ‘ओ’ गटाच्या लोकांच्या रक्तपेशींवर असणारा ‘एच’ नावाचा घटकच या दोघांत नव्हता. आज जगभर या गटाला ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणतात. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा हा गट असतो आणि त्याला त्याच गटाचं रक्त लागतं. रक्त जुळत नाही म्हटल्यावर कुणीतरी थांबून ‘का?’ असं विचारलं, म्हणून हे कळलं.

आमच्या खान्देशालाही अशाच एका कागदाचा आधार आहे. सातपुड्याच्या पट्ट्यात भिल्ल, पावरा समाजात सिकलसेल हा रक्ताचा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. वैद्यकात त्याची पहिली नोंद १९१० साली शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी केली. रुग्ण होता कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनेडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला एक तरुण. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकलेल्या दिसल्या. त्या एका तरुणाच्या नोंदीतून या आजाराची ओळख सुरू झाली आणि आज सातपुड्याच्या पाड्यावरच्या मुलाचं रक्त तपासताना तीच खूण शोधतात.

आता एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. एका रुग्णाची हकीकत म्हणजे पुरावा नव्हे. ती प्रश्नाची सुरुवात असते. बावस्करही केस सिरीजवर थांबले नाहीत. विंचवाच्या विषावरचं प्रतिविष प्रॅझोसिनच्या जोडीला दिलं तर फरक पडतो का, हे पाहण्यासाठी त्यांनी सत्तर रुग्णांवर तुलनात्मक अभ्यास केला आणि तो २०११ साली ‘बीएमजे’मध्ये छापला. आधी निरीक्षण, मग शंका, मग तुलना, हा त्याचा क्रम.

आपल्या मोबाईलवर रोज येणारे ‘आजमूदा नुस्खे’ आणि केस रिपोर्ट यांतला फरक इथेच आहे. ‘माझ्या मामूंना कलौंजीने शुगर गेली’ हीसुद्धा एका रुग्णाचीच गोष्ट असते. पण मामूंची साखर आधी किती होती, नंतर किती झाली, सोबत गोळ्या चालू होत्या का, सहा महिन्यांनी काय झालं, यातलं काहीच त्यात नसतं. ज्यांना फरक पडला नाही ते तर मेसेज पाठवतच नाहीत. केस रिपोर्ट लिहिणाऱ्याला मात्र काय दिलं, कधी दिलं, आणि काय फसलं, हे सगळं लिहावं लागतं. श्रद्धेचा प्रश्न इथे येत नाही. दुवाही करावी, पण साखरेचा आकडाही लिहून ठेवावा.

हे सगळं मी पिंप्राळ्यात बसून का लिहितोय? कारण रूदाद लिहिली जाण्याआधी ती सांगितली जावी लागते आणि आमच्याकडे अडतं ते तिथे.

जळगाव शहराला चिकटलेल्या आमच्या पिंप्राळ्यात एका गल्लीत तीन-चार बोली ऐकू येतात. शेजारची काकू ‘पोटमा दुखस’ म्हणते. आमच्या घरांतल्या बायका खान्देशी वळणाची उर्दू बोलतात, जी ना लखनौची ना पुस्तकातली. डॉक्टर बाहेरच्या जिल्ह्यातले, त्यांची मराठी प्रमाण, लिहिणं इंग्रजी. म्हणजे एक दुखणं कागदावर पोहोचेपर्यंत तीनदा भाषा बदलतं आणि प्रत्येक वळणावर थोडं थोडं गळत जातं.

आमच्या गल्लीतल्या एक खाला आहेत, पंचावन्नच्या पुढच्या, गोधड्या शिवणाऱ्या. पायाच्या त्रासासाठी त्या एका दवाखान्यात गेल्या. सोबत सून होती. डॉक्टरांनी विचारलं, सुनेने उत्तर दिलं, ‘इनके पाव दुखते.’ कागदावर आलं, पाय दुखणे, अशक्तपणा. दुखण्याची गोळी मिळाली. तीन महिने असंच चाललं. दुसऱ्या ठिकाणी नेलं तेव्हा मला सोबत बोलावलं, ‘बेटा, तू चल, तू ठीक से बोलता.’ तिथल्या डॉक्टर बाईंनी मला हाताने थांबवलं आणि खालांकडे पाहून म्हणाल्या, ‘तुम्ही सांगा, तुमच्या भाषेत.’ खाला जरा लाजल्या. मग म्हणाल्या, ‘दुखते नई. चींट्यां चलते. और चप्पल निकल गई तो मालूम नई पड़ता, आगे जाके देखती तो एक पाव में हईच नई.’

डॉक्टर बाईंनी पेन खाली ठेवलं. तळपायाला बारीक तार टेकवून, कंप पावणारा चिमटा घोट्यावर ठेवून ‘कळतंय का?’ असं विचारत गेल्या. लगेच साखर तपासली, ती खूप वाढलेली निघाली. मधुमेहाने पायाच्या नसा बधिर होतात, मग काटा रुतला तरी कळत नाही, जखम चिघळते आणि पाय गमवायची वेळ येऊ शकते. खालांना हे सगळं ‘पाय दुखणे’ या दोन शब्दांत सांगता येणं शक्य नव्हतं. ‘चप्पल निसटली तरी कळत नाही’ हे त्यांचं वाक्य कुठल्याही पुस्तकी वर्णनापेक्षा नेमकं होतं. पण तीन महिने ते कुणी विचारलंच नाही, आणि सुनेलाही त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

अबू बक्र अल-राझीचं नाव आपल्याकडे अभिमानाने घेतलं जातं. नवव्या-दहाव्या शतकात इराणच्या रय शहरातला हा हकीम. देवी आणि गोवर हे दोन वेगळे आजार आहेत, हे त्याने सविस्तर मांडलं. पण त्याचं आणखी एक काम आहे. तो रुग्णांच्या हकिकती लिहून ठेवायचा, आणि त्याच्या शिष्यांनी जपलेल्या अशा सुमारे नऊशे हकिकती आज उपलब्ध आहेत. त्याच्या नोंदींत अब्दुल्ला बिन सवादा नावाच्या एका रुग्णाची गोष्ट आहे. त्याला पाळी बदलणारा ताप यायचा. हा हिवताप की मूत्रपिंडातली जखम, यावर राझीचं मत ठरेना. पुढे लघवीतून पू गेला आणि आजार मूत्रपिंडाचा असल्याचं कळलं. मग राझी लिहितो की उभं राहिल्यावर कमरेत जडपणा वाटतो का, हे आपण त्याला विचारलं नव्हतं. एवढा मोठा हकीम, आणि न विचारलेला एक प्रश्न त्याने पुढच्यांसाठी लिहून ठेवला. नुसता ‘आमचा राझी’ म्हणून मिरवण्यापेक्षा त्याची ही सवय उचलली तर जास्त बरं होईल. डॉक्टरांनी तर उचलावीच, आपणही उचलावी.

यात हक्काचाही भाग आहे. आपल्या आजाराची हकीकत कुणी छापणार असेल, फोटो वापरणार असेल, तर आधी आपली संमती लागते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की संशोधनाची माहिती माणसाला समजेल अशा भाषेत द्यायला हवी. सही किंवा अंगठा देण्याआधी ‘हे काय आहे, उर्दूत किंवा साध्या मराठीत सांगा’ असं म्हणायचा आपल्याला अधिकार आहे. नाव छापायचं नाही, चेहरा दाखवायचा नाही, असंही सांगता येतं. आणि समजून घेऊन ‘हो’ म्हणालो, तर तेही मोलाचं आहे. आपल्या वस्तीतले आजार नोंदीत आलेच नाहीत, तर त्यांच्यावर विचार तरी कोण करणार?

दोन वर्षांपासून मी नववीच्या मुलांना एक लेखन-सराव देतो. घरातल्या एका मोठ्या माणसाच्या दुखण्याची रूदाद लिहा. एका बाजूला उर्दू, दुसऱ्या बाजूला मराठी. प्रश्न सहाच. कधी सुरू झालं? त्यांच्याच शब्दांत कसं वाटतं? कशाने वाढतं, कशाने कमी होतं? आतापर्यंत कोणकोणते उपचार केले, हकीम आणि झाडफूक धरून? सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत? घरात आणखी कुणाला असं होतं का? कागद वर्गात वाचायचा नाही, मी फक्त भाषा पाहतो आणि तो घरी परत जातो.

गेल्या वर्षी एक मुलगी ‘घबराहट’ या शब्दावर अडली. मराठीत ‘भीती’ लिहू का? मी म्हटलं, दादींनाच विचार. दुसऱ्या दिवशी ती छातीवर हात ठेवून म्हणाली, ‘सर, दादी बोलती, यहां कबूतर फडफडाता.’ मग मराठीच्या बाजूला आम्ही ‘छातीत धडधड होते’ असं लिहिलं आणि शेजारी अवतरणात दादींचं वाक्य जसंच्या तसं ठेवलं. भीती आणि धडधड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांतली कोणती लिहिली यावर डॉक्टरांचा पुढचा प्रश्न ठरतो.

पिंप्राळ्यातल्या घराघरात शिकलेली एक तरी मुलगी, एक तरी मुलगा आता आहे. म्हणून विनंती एवढीच. अम्मीला, अब्बांना दवाखान्यात न्याल तेव्हा असा एक कागद सोबत ठेवा. जुने रिपोर्ट आणि गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका. आणि डॉक्टरांनी विचारलं की उत्तर द्यायची घाई करू नका. आधी त्यांना स्वतःला बोलू द्या, मग गरज पडली तर अर्थ सांगा.