पाकाल महाराजांची मुदत ठेव

देऊळ म्हटलं की मी आधी पायऱ्या किती ते विचारतो. भक्तीचा अंदाज मागाहून घेतो. त्यामुळे मेक्सिको सिटीत नोकरीला असलेला मेहुणा जेव्हा म्हणाला, "भावजी, तुम्हाला पालेंकेला माया लोकांचं देऊळ दाखवतो, पिरॅमिडच्या डोक्यावर आहे," तेव्हा माझे गुडघे आपसात बोलू लागले. पण "वर चढायला बंदी आहे" असं त्याने सांगताच मी ताबडतोब रुकार दिला.

पालेंके हे चियापास राज्यातलं पावसाळी अरण्य. १९८१ साली ते राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९८७ साली जागतिक वारसा. आम्ही आत शिरलो आणि दहा मिनिटांत माझा सदरा वाळत घालण्याच्या लायकीचा झाला. एवढ्यात डोक्यावर अशी काही डरकाळी झाली, की मी चपळाईने हिच्या मागे उभा राहिलो. एवढी चपळाई मी लग्नातही दाखवली नव्हती.

"भावजी, माकडं आहेत ती," मेहुणा म्हणाला. "घशातलं एक हाड पोकळ असतं त्यांच्या, म्हणून आवाज घुमतो."

हिने शांतपणे कान देऊन ऐकलं. "मला तर घरीच असल्यासारखं वाटलं," ती म्हणाली. "फक्त हे दिवसा घोरतायत."

पुढे एका झाडाकडे मेहुण्याने बोट दाखवलं. ते निघालं चिकूचं! चिकू मूळचा याच मुलखातला. माया लोक त्याचं चिवट लाकूड देवळांच्या दारांना वापरीत. इतकी वर्षं ज्याला आम्ही अस्सल घोलवडचा समजत होतो, त्याचं माहेर इथं निघालं.

राजवाड्याच्या अंगाने ओतुलुम नावाचा ओढा वाहतो. चौकात पाणी शिरू नये म्हणून माया लोकांनी तो दगडी, कमानदार बोगद्यात घातला होता. आमच्या गल्लीतल्या नाल्याची मला फार आठवण झाली. हाच ओढा खाली रानात उतरून धबधबे होतो. पाण्यातल्या चुन्याची पुटं चढून गुळगुळीत पायऱ्या झाल्या आहेत आणि त्यांवरून पाणी सावकाश, घाई नसल्यासारखं, खाली येतं. त्या जागेला राणीचं स्नानगृह म्हणतात. ही काठावर बसली ती अर्धा तास उठेना.

मला मात्र त्यांच्या आकड्यांनी धरून ठेवलं. एक म्हणजे टिंब, पाच म्हणजे आडवी रेघ, शून्य म्हणजे शिंपला. आणि हिशेब दहाचा नाही, विसाचा. माझी आजी अंडी मोजताना "तीन विसा आणि पाच" म्हणायची. तिला इथं कॅशियर म्हणून सहज घेतली असती.

त्या आकड्यांचा कळस शिलालेखांच्या देवळात आहे. पाकाल हा राजा ६१५ साली बाराव्या वर्षी गादीवर बसला आणि ६८३ साली वारला. देवळातल्या लेखात त्याच्या राज्यारोहणाचा पुढला एक उत्सव नोंदला आहे : सन ४७७२! म्हणजे अजून पावणेतीन हजार वर्षं बाकी. आमच्याकडे दहा वर्षांची मुदत ठेव सांगितली तर माणसं म्हणतात, "तोवर जगलो तर!"

देवळाच्या पोटात पाकालची समाधी आहे. आल्बेर्तो रूस या संशोधकाने चार मोसम जिन्यातला राडारोडा उपसून १९५२ साली ती शोधली. जिन्याच्या कडेने समाधीपासून वरपर्यंत एक दगडी नळी आहे. गेलेल्या माणसाशी संबंध राहावा म्हणून ती ठेवली, असं म्हणतात. आणि देऊळ बापाच्या हयातीत पुरं झालं नाही, ते मुलाने, कान बालामने, पुरं केलं.

हे ऐकलं आणि माझी थट्टा संपली.

माझे वडील २०१९ साली गेले. त्यांचं बचत खातं आमच्याच शाखेत आहे, नॉमिनी मी. गावच्या घराची कौलं बदलायला त्यांनी पैसे साठवले होते. काउंटरवर मी रोज लोकांना सांगतो, "अर्ज भरा, दाखला जोडा, काही अवघड नाही." स्वतःचा अर्ज मात्र ड्रॉवरमध्ये. आई दर पावसाळ्यात विचारते, "काय रे, झालं का त्यांच्या पैशांचं?" मी म्हणतो, "साहेब रजेवर आहेत." खरी गोष्ट अशी, की खातं आहे तोवर पासबुकावर बाबांचं नाव आहे. दर तीन महिन्यांनी त्यांना व्याजही मिळतं. माझी नळी ती हीच. आणि इकडे आई घरात बादल्या मांडून बसते.

परत आल्यावर पहिल्याच सोमवारी अर्ज भरला. कालपरवा लागलेल्या आमच्या पोरसवदा सहकारी मुलीने तो पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "सर, सही जुळत नाहीये."

खरंच जुळत नव्हती. मी बाहेर जाऊन पाणी प्यालो, चष्मा पुसला आणि पुन्हा सही केली.

यंदा आईच्या घरात बादल्या मांडाव्या लागल्या नाहीत. 'खाते बंद' असा शिक्का मारलेलं पासबुक मी मागून घेतलं आणि कपाटात ठेवलं. हिने विचारलं, "आता हे कशाला?"

म्हटलं, "राहू दे. ४७७२ सालापर्यंत."