सही कुणाची?

आलापल्ली

चि. सोनू,


परवा फोनवर तू सहज बोलून गेलीस, "मामा, मी नावाची मॅनेजर. काम माझं, निर्णय वरच्यांचे." वर हसलीससुद्धा. मला रात्रभर झोप नाही. भामरागडकडच्या अंगणवाडीवर आणि नळयोजनेवर प्रकल्प व्यवस्थापक म्हणून तुझं नाव लागणार, पाणी आलं नाही तर बाया तुलाच धरणार, आणि पाइप दहा फूट सरकवायचा तर नागपूरच्या साहेबांना मेल! हे कबूल कसं केलंस गं? आईसारखीच भिडस्त तू.

अधिकारांचा तक्ता कसा करायचा, एवढंच तू विचारलंस. पण तक्त्याआधी जंगल बघ. आगारातून सागाचा लठ्ठा बाहेर काढायचा तर त्याच्या बुडावर हातोड्याचा ठसा हवा. नाक्यावर गाडी अडली की ठसा आणि वाहतूक पास पडताळतात. कुणी सोडला, याचा वाद राहत नाही. माझी उभी नोकरी त्या ठशावर गेली, म्हणून म्हणतो.

आता तुझं काम. वनहक्क कायदा, 2006, कलम 3(2) पुन्हा वाच. सरकारने चालवायच्या 13 सोयींसाठी, त्यात अंगणवाडीही आली आणि पाण्याची पाइपलाइनही, प्रत्येक ठिकाणी 1 हेक्टरच्या आतली वनजमीन देता येते. झाडं हेक्टरी 75च्या वर तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस आधी. मग ठरलेल्या कार्यपद्धतीप्रमाणे निर्णय उपवनसंरक्षकाचा. त्यांना पटलं नाही तर प्रकरण जिल्हा समितीकडे, तिथे अध्यक्ष जिल्हाधिकारी. दिल्लीपर्यंत फाइल नाही. बघ, किती स्वच्छ लिहिलंय! आणि तुमच्या संस्थेत साधी खडी बदलायचा अधिकार कुणाचा, ते कुणालाच सांगता येत नाही.

अधिकार कागदावर असूनही मिळेलच असं नाही, हे खरं. मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, पण बांबूच्या वाहतूक पासाचा अधिकार हाती यायला 27 एप्रिल 2011 उजाडलं. त्या दिवशी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले होते. दोन वर्षं हक्क गावाचा आणि पासाचं पुस्तक दुसऱ्याचं. तुझं आज नेमकं तेच चाललंय.

म्हणून साहेबांकडून लिहून घे. किती रुपयांपर्यंतची खरेदी तू मंजूर करशील. आखणीत किती बदल तुझ्या सहीने होईल. साहेबांचा फोन लागला नाही तर कुणाला विचारायचं, आणि त्याचंही उत्तर आलं नाही तर किती तासांनी तू ठरवायचं. काम थांबवायचा अधिकार मात्र कुणाशी वाटून घेऊ नकोस. चर खचायला लागली की मजुराला वर काढायला मंजुरी कसली मागायची? आणि ग्रामसभेचं ते ग्रामसभेचंच. पाटलाच्या अंगणात चार जणांच्या अंगठ्यांवर ठराव उरकून घेऊ नकोस, तुझ्यावर कितीही घाई आली तरी.

पावसाची मला धास्ती आहे. पर्लकोटा चढली की भामरागडचा रस्ता किती वेळा बंद पडलाय, तू लहानपणापासून बघतेस. नेटवर्कही जातं. अशा वेळी नागपूरच्या होकाराची वाट बघत तू तिकडे अडकलेली, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. मृगाच्या आधी सहीचा कागद हातात घे, एक प्रत मला पाठव. साहेब टाळाटाळ करत असतील तर तसं कळव, मी येतो नागपूरला. मामीने मोहाचे लाडू केलेत, बसच्या कंडक्टरकडे देतोय.

तुझा,
मामा