दिव्यांच्या गावातली उमेदवारी

हॉलंडला गेलेला आपला माणूस ट्यूलिपची शेते, पवनचक्क्या आणि ॲमस्टरडॅमचे कालवे पाहून परततो. आइंडहोवेनला सहसा कोणी जात नाही. ॲमस्टरडॅमहून आगगाडीने दक्षिणेला सव्वा-दीड तास गेले की हे गाव लागते. स्टेशनाबाहेर एक पुतळा दिसतो. आपल्याला वाटते, कोणी राजा असेल, निदान सेनापती तरी. तो निघतो अँटन फिलिप्स नावाच्या कारखानदाराचा!

ज्यांचे बल्ब आणि रेडिओ आपल्याकडे घरोघर होते, तेच हे फिलिप्स. १८९१ साली अँटनचे थोरले बंधू आणि वडील यांनी मिळून इथे विजेचे दिवे करण्याचा लहानसा कारखाना काढला. १८९५ मध्ये अँटन येऊन मिळाले आणि पुढे सारे गावच कारखान्याचे झाले. कामगारांची घरे कंपनीची, फुटबॉलचा संघही कंपनीचा. या गावाला अजून ‘दिव्यांचे शहर’ म्हणतात.

या गावात मी सहा महिने उमेदवारी केली. हल्ली तिला इंटर्नशिप म्हणतात. माझी कंपनी निराळी. तिचे नाव सांगत नाही, कारण आतले काही बाहेर बोलणार नाही असे मी लिहून दिले आहे. एवढे सांगते की, संगणकाच्या चिप्स ज्या यंत्रांवर छापल्या जातात, त्यांचे काही भाग आमच्याकडे होत. शेजारच्या फेल्डहोवेनमध्ये एएसएमएल ही कंपनी अशी यंत्रे बनवते. तिच्या सर्वांत नव्या जातीच्या यंत्रात वितळलेल्या कथलाचे थेंब सेकंदाला पन्नास हजार या वेगाने सुटतात, लेसर त्यांतला प्रत्येक थेंब टिपतो आणि त्यातून डोळ्यांना न दिसणारा प्रकाश निघतो. त्या प्रकाशाने चिपवरची नक्षी उमटते.

हे सारे मी फोनवर आजोबांना सांगितले. आजोबा मूळचे रत्नागिरीकडचे, परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. त्यांनी क्षणभर विचार केला आणि विचारले, “बाय, धागा तुटला तर यंत्र आपलं आपण थांबतं का?”

गंमत म्हणजे माझे काम नेमके तेच होते! यंत्राच्या मापकांकडून येणाऱ्या आकड्यांत खरा बिघाड कोणता आणि नुसती थरथर कोणती, हे ओळखणारा प्रोग्रॅम मला लिहायचा होता. सहा महिने मी आकडे पाहत होते. आजोबांचा प्रश्न मी माझ्या साहेबांना सांगितला, तर ते खुर्चीतून उठलेच. “तुझ्या आजोबांना इकडे घेऊन ये,” म्हणाले.

‘साहेब’ हा आपला शब्द. तिथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात. साठीला टेकलेले हे गृहस्थ माझ्यासाठी स्वतः कॉफी आणत. दुपारी पाव आणि चीज खात, कधी पावावर चॉकलेटचा चुरा भुरभुरत, आणि पाच वाजले की सायकलवर टांग मारून घरी जात. आजोबांचा यावर विश्वास बसला नाही. “कॉफी आणतो? मग तो साहेब नसेल,” म्हणाले.

एका शनिवारी साहेबांनी मला स्ट्रेइप-एस हा भाग दाखवला. इथे फिलिप्सचे मोठे कारखाने होते. भोवती कुंपण आणि आत जायला पास, म्हणून लोक त्याला ‘निषिद्ध नगरी’ म्हणत. साहेबांचे वडील इथेच कामाला होते. पुढे १९९०च्या दशकात फिलिप्सने हजारो माणसे कमी केली. १९९३ साली डाफ हा मालमोटारींचा कारखाना दिवाळ्यात निघाला. १९९७ मध्ये फिलिप्सने मुख्य कचेरी ॲमस्टरडॅमला नेण्याचे ठरवले. त्या लाटेत साहेबांचीही नोकरी गेली. आज त्या इमारतींत घरे, दुकाने आणि कारागिरांच्या खोल्या आहेत. घड्याळाची इमारत आहे तशी उभी आहे.

मला आमचे परळ आठवले. तिथेही कुठे कुठे धुराडे उभे आहे, पण त्याच्या सावलीत काचेचे मनोरे आले. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. आजोबा त्यांतलेच. ते पुन्हा गिरणीत गेले नाहीत. पुढे डोंबिवलीला एका दुकानात हिशेब लिहून त्यांनी बाबांना शिकवले.

रात्री फोनवर मी त्यांना स्ट्रेइपची हकिगत सांगितली. त्यांनी एकच विचारले, “त्या म्हाताऱ्याला पुन्हा काम कोणी दिलं?”

मी सांगितले, की नगरपालिका, विद्यापीठ आणि कारखानदार एकत्र बसले. अचूक यंत्रे घडवणारे हात गावात आहेत, ते गावातच राहिले पाहिजेत, असे त्यांनी ठरवले. एएसएमएलची सुरुवातही १९८४ साली फिलिप्सच्या कचेरीशेजारच्या एका गळक्या शेडमध्येच झाली होती. असे कारखाने वाढले आणि साहेबांसारखी माणसे त्यांत सामावली.

आजोबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “आमच्या जमिनीचा भाव सगळ्यांनी विचारला. हातांना काय येतं, ते कोणी विचारलं नाही.”

मुंबईची जमीन आणि आइंडहोवेनची जमीन यांच्या किमतीत अंतर आहे, हे मला कळते. तरी या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

निघताना कंपनीने विचारले, शिक्षण संपल्यावर येशील का? बँकेचे कर्ज डोक्यावर आहे, तेव्हा आईबाबांचे उत्तर तयार होते. आजोबा म्हणाले, “जा. पण त्या म्हाताऱ्याच्या हातातलं सगळं शिकून घे. कंपनी गेली तरी ते तुझ्याजवळ राहील.”

जूनमध्ये मी पुन्हा जाते आहे.